सत्ताविसावं कोकरू

सत्तावीस नंबरच्या कोकराचा लाल धागा जागोजागी तुटला होता.

प्रांजलनं प्रोग्राम पुन्हा चालवला. तरी तेच. बाकीची एकोणचाळीस कोकरं कशी शहाण्यासारखी वागत होती! प्रत्येकाच्या जनुकांचे दोन धागे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. कोकराच्या रक्ताचा नमुना मेंढीच्या नमुन्याशी ताडून पाहायचा आणि जुळेल तेवढा आईचा धागा लाल रंगवायचा, एवढंच तिच्या प्रोग्रामचं काम. एकोणचाळीस धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक होते. सकाळी ते चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा ती सांगलीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत अक्षरशः नाचली होती. खालच्या काकू काय झालं म्हणून विचारायला वर आल्या होत्या.

दीड वर्ष ती हे शिकत होती. दिवसा बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं आणि उरलेल्या वेळात जीवशास्त्र, जे तिनं दहावीनंतर मोठ्या आनंदानं सोडून दिलं होतं. आता त्याच विषयानं तिला वेड लावलं होतं. उद्या मिरजेत डॉक्टर संयोगिता तिचं काम बघणार होत्या. मेंढ्यांच्या वाणांवर त्यांचा मोठा प्रकल्प होता. त्यांना पटलं तर जत-आटपाडीच्या प्रत्येक कळपाची वंशावळ प्रांजलच्या प्रोग्रामवर निघणार होती. नोकरीचा राजीनामा तिनं लिहूनही ठेवला होता. फक्त तारीख टाकायची बाकी होती.

परीक्षा साधी होती. जतकडे मेंढरं राखणारे तिचे आजोबा बिराप्पा यांनी चाळीस कोकरं निवडायची, प्रत्येकाची मेंढी दाखवायची आणि प्रोग्रामनं ते पडताळायचं. दोनशेच्या कळपातलं कुठलं कोकरू कुणाचं हे आबा नुसत्या नजरेनं सांगत. पन्नास वर्षांत ते चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ऑक्टोबरात नमुने घ्यायला ती स्वतः गेली होती. लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली पोर, मेंढरं तिला सुट्टीपुरतीच ठाऊक. हे सत्तावीस नंबरचं कोकरू तिला चांगलंच आठवत होतं. टळटळीत उन्हात त्याच्या पाठीवर काळ्या कातड्याचा तुकडा सुतळीनं बांधलेला होता.

"आबा, एवढ्या उन्हात याला स्वेटर कशाला?"

"दोन दिसांचं काम हाय. मग सोडायचंच हाय."

पांढऱ्या कानाची एक मेंढी त्या कोकराला बराच वेळ हुंगत राहिली आणि मगच तिनं त्याला दुधाला घेतलं. प्रांजलनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळे खूप हसले होते.

आता मात्र तिला हसू येत नव्हतं. तिनं आबांना फोन लावला.

"आबा, त्ये सत्तावीस नंबर कुठल्या मेंढीचं?"

"पांढऱ्या कानाच्या. तिचंच दूध पितंय की. का गं?"

"काय न्हाई, सहज."

आबांनी विचारलं, "तुझं मशीन काय म्हणतंय?"

"उद्या बघा की तुमी!"

"येतो. नवं धोतार काढून ठेवलंय. लय बघायचंय मला त्ये."

फोन ठेवल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. आबा चुकणं शक्यच नव्हतं. म्हणजे खोट तिच्याच कामात होती, आणि आपली खोट आपल्याला काढता येते. नमुना खराब निघाला असणार. प्रोग्राममध्ये एक आकडा होता. नमुन्यात थोडाफार बिघाड असतोच, म्हणून किती ठिकाणी जुळलं नाही तरी माफ करायचं, ते त्यात लिहिलेलं असे. तो आकडा होता दोन. तिनं वीस केला. धागा थोडा सांधला. पन्नास केला. धागा लालभडक झाला.

बाकीच्या एकोणचाळिसांना काडीचाही फरक पडला नाही. चाळीसपैकी चाळीस! ती पुन्हा नाचली, आणि या वेळी काकूंनी वर यायचे कष्ट घेतले नाहीत. राजीनाम्यावर तिनं तारीख टाकली आणि तो पाठवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी मिरजेतला तो छोटा हॉल भरला होता. आबा पहिल्या रांगेत, गुडघ्यावर पटका ठेवून बसले होते. पडद्यावर एकामागून एक चाळीस लाल धागे झळकले. प्रांजलचा आवाज आनंदानं चिरकत होता. टाळ्या पडल्या. डॉक्टर संयोगिता उठून पुढे आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"एकही चूक नाही. पुढच्या महिन्यापासून सगळ्या कळपांवर हेच वापरायचं." मग त्या आबांकडे वळल्या. "आजोबा, नातीनं तुमच्या नजरेची बरोबरी केली. बोला की दोन शब्द!"

आबांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते उठले आणि पडद्याजवळ गेले.

"सत्तावीस नंबर परत दाव बरं, बाय."

प्रांजलनं हसत हसत दाखवला. आबांनी तो लाल धागा बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला.

"ह्येची आय दसऱ्यालाच मेली, प्रांजे," ते हळू आवाजात म्हणाले. "पांढऱ्या कानाच्या मेंढीचं कोकरू बी त्याच दिशी गेलं. त्येचं कातडं काढून ह्येच्या पाठीवर बांधलं, तवा कुठं तिनं ह्येला थानाला लावून घेतलं. वासानं मेंढी फसली. म्हटलं, माझ्या नातीचं मशीन काय फसायचं न्हाई."