जूनचा इशारा

रोवेना स्टॉडर्ड स्वतः गाडी चालवत सहा तासांवरून आली, तेव्हाच हार्लन पेट्री निम्मा विरघळला.

केर्न्सव्हिलच्या पाणी कंपनीतले संगणक हार्लन सांभाळायचा. आठवड्यापूर्वी कोणीतरी बाहेरून पंपांच्या यंत्रणेत शिरलं, दोन दिवस नुसतं हिंडलं आणि काही न बिघडवता निघून गेलं. कंपनीचा वकील डेल मर्कर याने दार लावून घेतलं आणि बजावलं, की हे या खोलीबाहेर जाता कामा नये. गावात बोभाटा झाला तर खटले उभे राहतील. त्याच दुपारी त्याने संगणकातल्या नोंदीही पुसायला लावल्या. हार्लनने पुसल्या, पण आधी उतरवून घेतल्या.

आज आपल्याकडे नुसता हिंडून गेलेला माणूस उद्या दुसऱ्या गावाच्या पाण्यात हात घालील, हे त्याला दिसत होतं. त्याने व्हर्जिनियातल्या केंद्राला फोन केला. पाणी कंपन्यांनी घुसखोरीची खबर तिथे द्यायची आणि केंद्राने नाव पुसून ती सरकारला आणि बाकीच्या गावांना कळवायची, अशी ती व्यवस्था. रोवेनाने ती पंधरा वर्षं खपून उभी केली होती. खबर द्यायला घाबरणाऱ्या कंपन्यांच्या पायऱ्या तिने एकटीने झिजवल्या होत्या. या धंद्यात तिचा शब्द चालायचा.

हमरस्त्यावरच्या खानावळीत दोघं समोरासमोर बसली. तिने त्याच्या बायकोची चौकशी केली, किती वर्षं नोकरी झाली ते विचारलं. एकोणीस, तो म्हणाला. मग त्याने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“चोर कुठून आत आला ते मी अजून शोधलेलं नाही. पण नोंदी सगळ्या आहेत यात.”

“ते आमची माणसं बघतील. तुझ्या गावाचं नाव कुठे येणार नाही. सोमवारी इशारा सगळीकडे जाईल.” तिने पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. “याची प्रत आहे?”

“घरी एक आहे.”

“ठेवू नकोस, हार्लन. वकिलाने उद्या कोर्टातून झडतीचा हुकूम आणला तर मी तुला वाचवू शकणार नाही.”

घरी जाऊन त्याने ती प्रत हातोडीने फोडली.

तीन आठवड्यांनी मर्करने त्याला सरळ विचारलं, बाहेर कोणाला सांगितलंस का. हार्लनला खोटं बोलता आलं नाही. संध्याकाळी तो खोक्यात सामान भरून घरी आला, तेव्हा त्याची बायको जुडिथ दारातच उभी होती.

“जग वाचवून झालं असेल,” ती म्हणाली, “तर आता घराचं बघ.”

घराचं रोवेनाने बघितलं. आमच्याकडे नोकरीला ये, म्हणाली. पहिल्याच दिवशी गुप्ततेच्या कागदावर सही घेतली. तिथे सगळेच करत होते, त्यानेही केली. नोकरी गेल्याचं त्याला वाईट वाटायचं, पण झोप लागायची. शेकडो गावं आपल्यामुळे सावध झाली, हे तो स्वतःला रोज सांगायचा.

ऑक्टोबरात ऑल्डन फॉल्स नावाच्या गावात कोणीतरी बाहेरून पाण्यातलं क्लोरीन बंद केलं. दीड दिवस कोणाला पत्ता लागला नाही. चारशे माणसं आजारी पडली, वृद्धाश्रमातल्या दोघी गेल्या. घुसखोराची चाल हार्लनने ओळखली. केर्न्सव्हिलमध्ये हिंडून गेलेलाच हा. रागारागाने त्याने ऑल्डन फॉल्सच्या लिओनार्ड क्विगलीला फोन लावला. तिथले संगणक लिओनार्ड सांभाळायचा. दोघांची एका परिषदेतली जुनी ओळख होती.

“जूनमध्ये इशारा आला होता तुला,” हार्लन म्हणाला.

“शोधतोय कालपासून. सापडत नाही. रोज शंभर येतात रे. मीच न वाचता पुसला असणार.”

“माझी नोकरी गेली त्या इशाऱ्यापायी. एकदा उघडून तरी बघायचास.”

लिओनार्ड म्हणाला, “त्या दोघींमधली एक माझ्या मुलीची बालवाडीतली बाई होती.” आणि त्याने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात तो गावाच्या सभेत उभा राहिला. इशारा आला होता, मी दुर्लक्ष केलं, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं आणि राजीनामा दिला. हार्लनने ते वर्तमानपत्रात वाचलं. त्याला जराही दया आली नाही.

डिसेंबरात वॉशिंग्टनला रोवेनाचा सत्कार ठरला. तिच्या भाषणाचा मजकूर लिहायचं काम हार्लनकडे आलं. ऑल्डन फॉल्सला आपण चार महिने आधी सावध केलं होतं, हे त्यात यायलाच हवं असं त्याला वाटलं. नेमकी तारीख हवी होती. रोवेना बाहेर गेली होती. तिच्या सचिवबाईंनी जूनची फाइल काढून त्याच्या हातात दिली आणि त्या जेवायला गेल्या.

त्याने पानं उलटली. जूनमध्ये एकवीस इशारे गेले होते. त्याचा नव्हता. पुन्हा पहिल्यापासून बघितलं, तरी नव्हता.

फाइलच्या शेवटी केंद्राच्याच तंत्रज्ञाने रोवेनाला लिहिलेला एक कागद लावलेला होता. तारीख हार्लनने पहिला फोन केला त्याच्या चार दिवस आधीची. “चोर महिनाभर आपल्याच संगणकात बसलेला आहे. सगळ्या सभासद गावांचे पासवर्ड त्याने इथूनच उचललेत. त्यातलाच एक वापरून तो केर्न्सव्हिलच्या पंपांत शिरला आहे. सगळ्यांना आजच कळवू का?”

खाली रोवेनाच्या हस्ताक्षरात एकच शब्द होता : नको.