आधी देणं

"कर्जात बुडालेल्या माणसाचा हात हा त्याचा हात नसतोच," दस्तगीर बागवाननं जाहीर केलं आणि त्याच हातानं मेव्हण्यानं आणलेल्या कवठाच्या बर्फीचा चौथा तुकडा उचलला.

मेव्हणा, बाबालाल, समोर खुर्चीच्या कडेवर बसला होता. कुरुंदवाडला त्याचं शिलाईचं दुकान. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता. सोमवारपर्यंत बारा हजार भरले नाहीत तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. हे त्यानं एकदाच, फरशीकडं बघत सांगितलं होतं.

दस्तगीरला पहिला संशय बर्फीचाच आला होता. एरवी रिकाम्या हातानं येणारा माणूस आज वाडीची बर्फी घेऊन येतो म्हणजे काहीतरी शिजलंय.

पैसे नव्हते असं नाही. केळीच्या धंद्यातनं दस्तगीरनं तीस हजार बाजूला टाकले होते आणि गारगोटीच्या एका पैलवानाची जुनी बुलेटही बघून ठेवली होती. पैसे अशा जागी होते की जिथं ईदशिवाय कुणाचा हात जात नाही.

त्यामुळं त्यानं डोक्यावर देणं असल्याचं सांगून टाकलं. कुणाचं, असं बाबालालनं विचारलं.

"हाय की. एकाचं हाय का?" दस्तगीर म्हणाला.

खरं तर कोपऱ्यावरचा चहावाला सोडला तर त्याच्याकडं कुणी मागायला येत नव्हतं. पण बायकोच्या भावाला नुसतं 'न्हाय' म्हणून घालवता येत नाही, त्याला वरचा आधार लागतो. म्हणून तर त्यानं लगेच मशिदीतल्या मौलानांना चहाला बोलावून घेतलं होतं.

मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. नात्यातल्या माणसाला अडचणीत उसनं देणं हे फार मोठं पुण्य, असं ते म्हणाले, आणि दस्तगीरनं हातातला तुकडा परत ताटलीत ठेवला. मग मौलाना पुढं म्हणाले, "पण आधी देणं. ज्याचं देणं लागता, त्यानं राजीखुशीनं सवलत दिली तर गोष्ट वेगळी."

"तो कसला देतोय," दस्तगीर म्हणाला. त्या नसलेल्या सावकाराचा त्याला खरोखरच राग आला होता.

पडद्यामागं बांगड्या वाजल्या. जैतुनबी तिथंच उभी होती. बावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याकडं स्टोव्हच्या पिनेपलीकडं काही मागितलं नव्हतं. निकाहाच्या दिवशी सासऱ्यानं भर मांडवात मारलेल्या बढाया ऐकूनही ती कधी एका शब्दानं बोलली नव्हती.

"मौलानासाब," तिनं आतूनच विचारलं, "देणं लई जुनं झालं तर बुडतं का?"

दस्तगीरनं कान टवकारले. बहीण भावाच्या बाजूनं पळवाट शोधत होती, दुसरं काय.

"ज्याचं आहे त्यानं माफ केल्याशिवाय नाही बुडत," मौलाना म्हणाले. "आणि त्यानं मागितल्यावर जवळ असूनही टाळणं हा जुलूम आहे."

दस्तगीरचा जीव भांड्यात पडला. त्याच्या अंगात एकदम उदारपणा संचारला. "ऐकलंस, बाबालाल? माझं काय म्हणणं, ज्याचं त्यानं मागावं. आत्ता दारात येऊन मागू दे, आत्ता काढून देतो. मौलानांच्या म्होरं सांगतो."

आता बाबालालनं तोंड पाडून उठायला हवं होतं. तो उठला नाही. उलट खुर्चीच्या कडेवरनं मागं सरकून पाठ टेकून नीट बसला आणि त्यानंही बर्फीचा एक तुकडा घेतला.

हे दस्तगीरला अजिबात आवडलं नाही.

पडदा सरला. जैतुनबीनं चहाचे कप मौलानांपुढं ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं वळली.

"मग माझा मेहर द्या. निकाहात तुमच्या अब्बांनी बोललेलं आन् तुम्ही तीनदा कबूल केलेलं तीन तोळं सोनं. बावीस वर्षं झाली, मी माफ केलेलं न्हाय. भाई तवा साक्षीला हुताच. सोनं नसंल तर आजच्या भावानं पैसं द्या." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "आन् पिंपात हात घालायच्या आधी तेवढा धुवा. बर्फीचा हाय. ईदचा घनसाळ तांदूळ हाय त्यात, मुंग्या लागत्यात."