कडक गादी

मार्लीन कुचेरा बर्फाने ओले झालेले बूट न काढताच गादीवर आडवी झाली. पायाशी त्यासाठीच प्लास्टिक अंथरलेलं होतं. फेब्रुवारीतल्या या सेलला निम्मं गाव या गाद्यांच्या दुकानात येऊन कोटासकट लोळून जातं, आणि शेजाऱ्यानं पाहिलं तरी कुणी लाजत नाही. मार्लीन मात्र लाजली. पर्स तिनं पोटावर घट्ट धरून ठेवली.

"ही मऊ आहे," ती म्हणाली. "याहून कडक दाखवा."

"मॅडम, यानंतर एकच उरते," विक्रेता ड्वेन म्हणाला. "आणि तिच्यानंतर आमची फरशी."

"मग ती दाखवा. माझा नवरा, डेल्बर्ट, मऊ गादीत रुततो. एकदा रुतला की मला त्याला कुशीवर वळवता येत नाही. कडक असली की वळवीन."

"वळवशील!" पलंगाशी उभी असलेली तिची मुलगी जोनी म्हणाली. "परवा बाबांना वळवताना तूच खाली पडलीस, आई. मी येईपर्यंत तशीच पडून होतीस. अशा माणसांना कायमचं ठेवून सांभाळणाऱ्या त्या नर्सिंग होममध्ये एक जागा रिकामी झालीये. पाचपर्यंत कळवायचंय, नाहीतर ती दुसऱ्याला देतील."

"मी नाही म्हटलंय ना?"

"जरा मन घट्ट कर गं."

"घट्टच आहे. म्हणून तर नाही म्हणतेय."

ड्वेनने विषय बदलायचा म्हणून नेहमीचा प्रश्न विचारला. "मॅडम, तुम्ही स्वतः कशा झोपता? कुशीवर की पाठीवर?"

"खुर्चीत," मार्लीन म्हणाली.

ड्वेन त्यांना कोपऱ्यातल्या शेवटच्या पलंगापाशी घेऊन गेला. "हिच्यावर जरा वेळ पडून राहा. लगेच उठलात तर गादी कळत नाही."

"डेल्बर्टजवळ शेजारीण बसलीये हो. तिला किती वेळ अडकवायचं?"

"पड गं जरा," जोनी म्हणाली आणि शेजारणीला फोन करायला बाजूला गेली.

ती परत आली तेव्हा आई झोपली होती. तोंड किंचित उघडं, पर्स खाली घरंगळलेली. एवढ्या मोठ्या पलंगावर ती अगदी कडेला पडली होती, आणि दुसरी बाजू सगळी मोकळी सोडलेली. झोपेतच तिचा हात त्या बाजूला सरकला, चाचपडला आणि तिथेच राहिला. आईला असं झोपलेलं जोनीनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

उठवावं म्हणून ती वाकली, तर ड्वेनने दुरूनच हाताने नको म्हणून खुणावलं. त्यानं दुकानातलं गाणं बंद केलं. मग तो वाटेत उभा राहिला आणि कोपऱ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना पलीकडच्या उशा दाखवू लागला.

"आले, डेल्बर्ट, आले!" मार्लीन दचकून उठली तेव्हा तिचे पाय आधीच जमिनीला लागले होते. समोर किमतींच्या पाट्या होत्या, आणि पलीकडे कुणाची तरी पोरं गादीवर उड्या मारत होती. ती परत पलंगावर बसली. शेजारची मोकळी गादी तिनं तळव्याने दाबून पाहिली. मग पुन्हा एकदा दाबली.

"किती वाजले?"

"पाच वाजत आलेत," जोनी म्हणाली.

मार्लीनने वाकून पर्स उचलली, मांडीवर ठेवली. लेकीकडे तिनं पाहिलं नाही.

"लाव त्यांना फोन. आणि तिथल्या गाद्या कशा आहेत ते विचार. त्याला कडकच लागते म्हणावं."