चार गोण्यांवरची भेट

“चार गोण्या टाक गाडीत,” म्हातारा खताच्या दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला. “आणि यंदा भेट काय ठेवलीस?”

दुकानदार घुटमळला. “कसली भेट, काका?”

“आता बघा! चार गोण्यांवर दरवर्षी देतोस ना? एकदा ताडपत्री दिलीस, एकदा बॅटरी. आणि हे कुणी दिले?” त्याने गमबूट घातलेला पाय पुढे केला.

मागून लेक आली. तिच्या हातात माती तपासणीचा कागद होता. त्यावरून सकाळपासून बापलेकीचं वाजलं होतं.

“बाबा, दोन पुरतात. जास्तीचं खत पाण्याबरोबर वाहून जातं.”

“तुझ्या कागदापेक्षा माझी जमीन मला जास्त सांगते. वीस वर्षं चार गोण्या घालतोय. माझ्यासारखा मका आहे का कुणाचा?”

मका होता खरा. पण खत घालायची त्याची बायको. गोण्या छपरात आणून टाकल्या, की तो पाणी धरायला मोकळा. ती वाटीने मोजून, रोपाच्या बुडापासून चार बोटं लांब खत टाकायची आणि वर माती ओढायची. गेल्या साली कणसं घरात आली आणि ती गेली. यंदा वाटी लेकीच्या हातात जाणार होती. पहिल्याच वर्षी पोरीचं पीक मार खायला नको, एवढाच त्याचा घोर होता.

दुकानदाराने उगाच काउंटर पुसला. “काका, रागावू नका. सांगू नकोस म्हणून काकूंनी बजावलं होतं. आठवड्याभरात काकू त्यातल्या दोन गोण्या परत आणायच्या. शिवणही न उसवलेल्या. म्हणायच्या, रानाला दोनच लागतात, वरच्या दोन ह्यांच्या समाधानाला. बदल्यात तुमच्यासाठी काहीतरी घेऊन जायच्या.”

लेकीने कागदाची घडी घातली आणि पिशवीत सरकवली.

म्हातारा बुटांकडे बघत राहिला. ‘दुकानदाराने दिलेत. घाला मुकाट्याने,’ असं म्हणून बायकोने ते त्याच्यापुढे ठेवले होते. दुकानदाराचं मन मोठं, असं तो तेव्हा चारचौघांत सांगत सुटला होता.

मग त्याची नजर लेकीच्या पायांवर गेली. चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. टाचेच्या भेगांत चिखल.

“दोनच टाक,” तो दुकानदाराला म्हणाला. मग तो लेकीकडे वळला. “तुझ्या पायाचा नंबर काय गं?”