कानांची सुट्टी

सलूनवाल्याने दुकान बंद ठेवलं.

"हात नाही गं, कान दुखतात," तो बायकोला म्हणाला. "कुणाची सून, कुणाचा साहेब. गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकून डोकं पिकलंय."

"मग उद्यापासून कान घरी ठेवून जात जा!"

तो हसत निघाला आणि लांबच्या एका अनोळखी सलूनमध्ये दाढीला बसला. बसला तो गालावरचा फेस वाळेपर्यंत बोलतच राहिला. म्हातारा सलूनवाला नुसता मान डोलवत होता.

दाढी उरकून खुर्चीवरून उतरताना त्याला अगदी हलकं वाटलं. "माफ करा काका, फार बोललो. माझंही सलूनच आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. हातातला वस्तरा खाली ठेवून तो म्हणाला, "मग पत्ता सांग की लेका! उद्या माझी सुट्टी."