डावीकडचं चाक

"धर, आता तुझ्याकडं वाकव," दिनकरराव म्हणाले, आणि सत्यशीलाबाईंनी स्कूटर पोटाशी घेऊन डावीकडे आडवी केली.

पस्तीस वर्षांत ही स्कूटर आडवी केल्याशिवाय कधी सुरू झाली नव्हती. तेवढे लाड केले की मग तिच्या घशाखाली पेट्रोल उतरायचं. आजवर ते लाड दिनकररावांनी केले. दिवाळीत शुगरनं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला आणि स्कूटर पत्र्याखाली धूळ खात उभी राहिली.

"आजच्यापुरती कर आडवी. पुढं न्हाई लागायची," ते म्हणाले. बाईंनी त्याकडे लक्ष दिलं नाही. गाडी जड होती.

महिनाभर दिनकरराव अंगणात पोतं अंथरून स्कूटरच्या मागे लागले होते. उजव्या पायाची दोन कामं, किक आणि मागचा ब्रेक. दोन्ही त्यांनी हाताकडे आणली. किकला लांब पाइप जोडून तो सीटपर्यंत वर घेतला. ब्रेकची वायर ओढून हँडलवर सायकलचा ब्रेक बसवला. उजवीकडे टेकवायला पाय नाही म्हणून तिथं एक छोटं चाक लावलं. पालम गावात ज्याला त्याला बोलावून ते हे सगळं समजावून सांगायचे, आणि लोकही घाईत असले तरी पुरतं ऐकून घ्यायचे. नाहीतर त्याआधीचे चार-पाच महिने ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. बाईंना वाटायचं, करू दे, गाडी चालू नाही झाली तरी चालेल, माणूस तर चालू झाला.

दिनकररावांनी पाइप ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा स्कूटर खोकली आणि सुरू झाली. अंगणभर निळा धूर झाला.

"लय धूर करायलीय," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि खोकता खोकता हसल्या.

"आईल जरा जास्त पडलंय. होईल कमी." त्यांनी गाडी बंद केली. "माझ्या खाटंखाली एक पोतं हाय. आण बरं."

पोतं वजनदार होतं. बाईंनी त्याचं तोंड सोडलं. आत वाकवलेला पाइप होता, आणि त्याला चाक. उजवीकडे होतं तसंच.

"हे कशाला? चाक बसवलंय की."

"ते उजवीकडचं. हे डावीकडचं."

"डावीकडं कशाला पायजे? तो पाय हाय की टेकवायला."

दिनकरराव प्लग काढून पॉलिश पेपरनं घासू लागले. आत्ताच पेटलेला प्लग घासायचं काही कारण नव्हतं, एवढं पस्तीस वर्षांनंतर बाईंनाही कळत होतं.

बाईंनी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. पायात लोकरी मोजा होता. वैशाख लागला होता, वरचा पत्रा नुसता भाजत होता, आणि हा माणूस पायाला गार लागतंय म्हणून मोजा काढत नव्हता. आंघोळही हल्ली आपली आपण करायचे, दार लावून. आता त्यांचं ते करायलेत म्हणून बाईंनी शेजारच्या सुलाबाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

त्या अंथरलेल्या पोत्यावर बसल्या आणि मोज्याला हात घातला. दिनकररावांनी पाय मागे घेतला, मग राहू दिला.

मोजा अंगठ्याला चिकटला होता. तो सुटला तेव्हा वास आला. महिनाभर घरात पेट्रोल आणि ऑईलचाच वास होता, त्यात हा कळला नव्हता. अंगठा बुडापर्यंत काळा पडला होता.

"कधीपास्नं?"

"गुढीपाडव्यापास्नं."

स्कूटर त्यांनी खोलली होती तीही पाडव्यालाच.

"आन् मला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर हे करू दिलं असतंस?" त्यांनी स्कूटरकडे बोट केलं.

बाईंना खूप बोलायचं होतं. नवऱ्याला कधी बोलल्या नव्हत्या इतकं. पण तो पाय मांडीवर होता, आणि त्याच्याकडे बघत कुणाला बोलता येत नाही.

"उद्या गंगाखेडला डाक्टरकडं जायचं," त्या शेवटी म्हणाल्या.

"जायचं. पर मागल्यावानी लोकांच्या जीपमधी आडवं पडून न्हाई. आपल्या गाडीवर. तू मागं बसायचं."

"आन् डाक्टरनं हाबी पाय..."

दिनकररावांनी प्लग परत बसवला. हाताला लागलेलं काळं पोत्याला पुसलं.

"क्लच हाताला हाय. गिअर हाताला हाय. किक न् ब्रेक मी हाताला आणला. आता टेकवायलाबी चाक झालं." आल्या-गेल्याला सांगायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "ह्या गाडीत डाव्या पायाला कायबी काम ऱ्हायलं न्हाई."

सत्यशीलाबाईंनी पदराच्या टोकानं तो पाय पुसला आणि अलगद खाली ठेवला. पोत्यातलं चाक ओढत डावीकडे नेलं, पाइप जागेवर लावला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आवळा नट," त्या म्हणाल्या. "मी धरलंय."