पेणकरांची पेटी

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि पत्र्याच्या शेडात ख्रिस्ती मंडळीपुढं शांतवन मास्तरांचं रविवारचं प्रवचन रंगलं होतं. "यहुद्याईसंगचा करार देवानं मोडला! टाकलं त्याईले! आता वचन आपलं!" बाया माना डोलावत होत्या. इतक्यात पेटीच्या भात्यानं सुस्कारा टाकला आणि मास्तरांनी वाक्य अर्ध्यावर सोडून तिकडं पाहिलं. पेटीवर पेणकर होते. रेल्वेतले गार्ड, बेने इस्राएल, म्हणजे यहुदीच. मंडळीत कुणालाच पेटी येत नव्हती. मास्तरांनीच त्यांना गळ घातली होती. विश्रांतीचा पवित्र वार म्हणून शनिवारी पेटीला न शिवणारे पेणकर रविवारी हटकून येत. शेवटचं गीत त्यांनी एकही सूर न चुकवता वाजवलं. लोक पांगल्यावर मास्तर जवळ गेले. पेटीच्या पट्ट्यांवरून नजर उचलवेना. "पेणकरभाऊ, आता तुमी कायले येसान जी?" पेणकरांनी भाता मिटला. "येईन. शब्द दिलाय. दिलेला शब्द कुणी मोडतं का, मास्तर?"